परक्या प्रोग्रॅमात शिरण्याची रीत

भारतातल्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून, सरकारी धोरणांतून आणि निर्यातीच्या आकड्यांतून सांगितला जातो. नव्याने रुजू झालेला साधा डेव्हलपर त्यात दिसत नाही; दिसलाच तर भरतीच्या संख्येत दिसतो. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर तो काय करत असे, कोणाकडून शिकत असे, दुसऱ्या कोणी लिहिलेल्या हजारो-लाखो ओळींच्या प्रोग्रॅमात त्याचा शिरकाव कसा होई, याची नोंद करावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही. ही उणीव मला मोठी वाटते. या व्यवसायाने पन्नास वर्षांत स्वतःच्या कष्टाने जे घडवले, त्यात नवख्याला प्रोग्रॅमात उतरवण्याची रीत फार वरच्या जागी आहे. हिंजवडीत आणि खराडीत, बंगळुरूत आणि हैदराबादेत तिला सगळे ‘केटी’ म्हणतात. प्रोजेक्ट सोडून जाणारा माणूस नव्या माणसाला आपल्याजवळचे ज्ञान सोपवतो, ती केटी. जगात इतरत्रही नव्या माणसाला काम समजावून दिले जातेच. पण दुसऱ्याने लिहिलेला, दुसऱ्या देशात वाढलेला प्रोग्रॅम हाती घेणे हाच इथल्या व्यवसायाचा पाया होता, आणि म्हणून जी गोष्ट इतरत्र सवडीने, ओळखीपाळखीत होत असे, तिची इथे शिस्त बसवावी लागली. ही शिस्त म्हणजे केवळ कार्यालयीन सोपस्कार नव्हे, ती या कारागिरीची स्वतंत्र विद्या आहे, असे माझे म्हणणे आहे.

नवख्याची अडचण या धंद्याइतकीच जुनी आहे. ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापिका अमेरिकी नौदलात दाखल होऊन 1944 च्या जुलैत हार्वर्डमधल्या ‘मार्क वन’ या यंत्रावर रुजू झाल्या, तेव्हा त्यांना शिकवायला वर्ग नव्हता, वाचायला पुस्तक नव्हते. प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी यंत्र दाखवले आणि लगेच एक गणित हातात दिले. आधीपासून तिथे असलेल्या दोन तरुण सहकाऱ्यांना विचारत, त्यांच्या वहीतले जमलेले तुकडे आपल्या वहीत उतरवून घेत त्या शिकल्या. पुढे त्याच यंत्राची माहिती देणारे पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक तयार करण्याचे काम त्यांच्याकडेच आले आणि 1946 मध्ये ते छापले गेले. नुकत्याच शिकलेल्या माणसाकडून ते पुस्तक लिहून घेण्यात मोठे शहाणपण होते, कारण काय कळत नाही हे त्यालाच ताजे आठवत असते. दुसरे उदाहरण 1945 मधले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एनिॲकचे. तिथे हाताने गणिते करणाऱ्या सुमारे 80 स्त्रियांमधून सहा जणींची निवड झाली. यंत्र लष्करी गुपित असल्यामुळे सुरुवातीला त्यांना त्याच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. त्यांच्या हाती आकृत्या आल्या, आणि त्या आकृत्या वाचत, अडेल तिथे अभियंत्यांना गाठून विचारत, त्यांनी सुमारे 18,000 नळ्यांचे ते यंत्र असे आत्मसात केले की बिघाड नेमका कोणत्या नळीत आहे हेसुद्धा त्या सांगू लागल्या. म्हणजे पहिल्या पिढीतच दोन्ही गोष्टी दिसतात: कागद लागतो, आणि कागदाशेजारी तो समजावणारा माणूसही लागतो.

हा माणूस का लागतो, याचे सर्वांत नेमके उत्तर डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 मध्ये दिले. त्यांच्या मते प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे मजकूर तयार करणे नव्हे, तर बाहेरच्या जगातला व्यवहार आणि यंत्रातली मांडणी यांचा मेळ कसा घातला आहे याची एक समज मनात उभी करणे. ती समज लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असते आणि मजकुरात तिचा काही भागच उतरतो. यासाठी त्यांनी एका कम्पायलरचा दाखला दिला. एका गटाने तो तयार केला. दुसऱ्या गटाला त्यात भर घालून तो वेगळ्या यंत्रावर न्यायचा होता. दुसऱ्या गटाला संपूर्ण मजकूर, सगळी टिपणे आणि पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरीही त्यांनी सुचवलेल्या कित्येक सुधारणा मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी न वापरता बाहेरून ठिगळ लावणाऱ्या होत्या. पहिल्या गटाला हे पाहताक्षणी कळले आणि त्याच रचनेत बसणारे सोपे उपाय त्यांनी दाखवून दिले. पुढे काही वर्षांनी हा प्रोग्रॅम मूळ गटाशी संबंध नसलेल्या लोकांकडे गेला, तेव्हा त्याची मूळ रचना भरताडाखाली निकामी झालेली होती. त्याआधी दहा वर्षे, 1975 मध्ये, आयबीएमच्या ‘ओएस/360’ या प्रचंड प्रणालीच्या कामाचा अनुभव घेतलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी याच गोष्टीची किंमत सांगितली होती: उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली की ते आणखी लांबते. नवी माणसे अडाणी असतात असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांना तयार करण्यासाठी जाणत्या माणसांना आपले काम बाजूला ठेवावे लागते, हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होते.

आता भारताकडे पाहू. इथे संगणकाची विद्या आधी संशोधन संस्थांत रुजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हे यंत्र घडवले गेले, कानपूरच्या आयआयटीत 1963 मध्ये आयबीएम 1620 आला आणि तिथे व्ही. राजारामन यांच्यासारख्या शिक्षकांनी प्रोग्रॅम लिहायला शिकवले. या संस्थांतून आलेल्या तरुणाला भाषा येत असे, पद्धत येत असे. पण पुढे जो धंदा उभा राहिला त्याचे स्वरूप निराळे होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात 1968 मध्ये मुंबईत झाली आणि पुढच्याच वर्षी फकीरचंद कोहली तिथे आले. या कंपनीच्या परदेशी कामाचा आरंभ 1974 च्या सुमारास बरोज या अमेरिकी संगणक कंपनीच्या कामाने झाला, आणि ते काम काय होते हे लक्षात घेण्याजोगे आहे: रुग्णालयांच्या हिशेबाचा आधीच तयार असलेला प्रोग्रॅम बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर न्यायचा. कोबोल भाषा तीच, बोली वेगळी. कोऱ्या पानावर लिहायचे नव्हते, दुसऱ्याने लिहिलेले समजून घेऊन हलवायचे होते, आणि तेही अमेरिकेतल्या रुग्णालयाचा जमाखर्च कसा चालतो हे कधी न पाहिलेल्या लोकांनी. अंधेरीच्या सीप्झमध्ये पुढे जी कामे आली त्यांतली कितीतरी याच जातीची होती. आयबीएमने 1978 मध्ये देश सोडला तेव्हा त्यांच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली. म्हणजे यंत्राच्या बाबतीतही इथल्या माणसाच्या वाट्याला आधी दुसऱ्याने मांडलेले सांभाळणे आले.

पुण्यात 1981 च्या जुलैत इन्फोसिस स्थापन झाली. तिचे सातही संस्थापक पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले होते. त्या काळी संगणक आयात करणे अतिशय जिकिरीचे होते, आणि या कंपनीकडे पहिली दोन वर्षे स्वतःचा संगणकच नव्हता. न्यू यॉर्कच्या डेटा बेसिक्स कॉर्पोरेशनचे काम करायला बहुतेक संस्थापक अमेरिकेत गेले. या पद्धतीला नंतर ‘बॉडी शॉपिंग’ असे हिणवले गेले, आणि त्यात आर्थिक दृष्टीने तथ्यही होते: माणूस पाठवायचा, त्याच्या तासांचे पैसे घ्यायचे. पण नवखा कसा रुळतो या प्रश्नापुरते पाहिले तर ती पद्धत सोपी होती. पाठवलेला माणूस गिऱ्हाइकाच्या कार्यालयातच बसे. मूळ प्रोग्रॅमर शेजारच्या टेबलाशी असे, हिशेबनीस वरच्या मजल्यावर. कळले नाही तर उठून जाऊन विचारता येई. हार्वर्डमध्ये हॉपर यांनी जे केले तेच इथे चाले, फक्त शिकणारा सातासमुद्रापलीकडून आलेला असे. या काळात केटीची वेगळी रीत लागलीच नाही.

ती लागली अंतर पडल्यावर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बंगळुरूत केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत ते अमेरिकेशी जोडले. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, पुणे हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक, आणि छोट्या कंपन्यांनाही परदेशाशी जोडणारी वाहिनी भाड्याने मिळू लागली. काम हळूहळू दोन ठिकाणी वाटले गेले: थोडी माणसे ऑनसाइट, बाकीची ऑफशोअर. आता ज्याला प्रोग्रॅम कळलेला आहे तो ओहायोत किंवा लंडनमध्ये, आणि ज्याला तो चालवायचा आहे तो कोथरूडमध्ये, अशी परिस्थिती आली. मध्ये साडेचार ते साडेदहा तासांचा फरक, महागडा फोन, आणि काही आठवड्यांत संपणारी मुदत. शेजारी बसून जे आपोआप झिरपत असे ते आता मुद्दाम घडवून आणावे लागणार होते. 1990 च्या दशकात आणि त्यानंतर या गरजेतून जी पद्धत रुळली तिचे टप्पे या व्यवसायातल्या कोणालाही आज तोंडपाठ असतात. आधी दोन-चार अनुभवी माणसे गिऱ्हाइकाकडे जाऊन बसतात, प्रत्येक भागाच्या बैठका घेतात, विचारून विचारून टिपणे करतात. कोणता बॅच जॉब रात्री किती वाजता चालतो, महिनाअखेरीला काय बदलते, कोणती फाइल उशिरा आली की काय अडते, बिघाड झाला की कोणाला उठवायचे, हे सगळे त्यांत येते. मग शॅडोइंगची पाळी: जुना माणूस काम करतो, नवा फक्त पाहतो. त्यानंतर रिव्हर्स शॅडो, म्हणजे नवा माणूस काम करतो आणि जुना त्याच्या मागे उभा राहून पाहतो. आणि या सगळ्याच्या मध्ये रिव्हर्स केटी असते. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्यासमोर उभे राहून तोच प्रोग्रॅम समजावून सांगायचा, आणि चुकेल तिथे जुन्याने थांबवायचे.

ही रिव्हर्स केटी मला या सर्व पद्धतीचे मर्म वाटते. ऐकलेले कळले असे प्रत्येकालाच वाटते. ते कळलेले नाही हे सांगू लागल्यावरच उघडे पडते, आणि ऐकणारा जाणता असेल तर नेमके कुठे कळले नाही हेही उघडे पडते. नाउर म्हणत होते ती समज मनात उभी राहिली की नाही, हे तपासण्याची याहून स्वस्त आणि प्रामाणिक कसोटी मला तरी माहीत नाही. नाउर यांचा लेख वाचून कोणी ही पद्धत बसवली असण्याचा संभव फार थोडा. रात्री दोन वाजता बंद पडलेला जॉब पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनी ती गरजेपोटी बसवली. आपल्या जुन्या दफ्तरांतही असेच घडले होते, हे इथे आठवते. मराठेशाहीत कारकुनाने हिशेब कसा मांडावा, पत्राचा मायना कसा लिहावा, हे सांगणारी ‘मेस्तके’ होती. तरीही मुलगा दफ्तरात उमेदवार म्हणून जाऊन बसे, जाणत्या कारकुनाच्या हाताखाली नकला करी आणि मगच त्याच्या हाती स्वतंत्र लिखाण येई. मेस्तक होते म्हणून उमेदवारी सुटली नाही.

यावर पहिला आक्षेप वायटूकेचा येईल, आणि तो दमदार आहे. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असंख्य कोबोल प्रोग्रॅम 2000 सालापूर्वी दुरुस्त करायचे होते. लिहिणारे निवृत्त झालेले, काही हयात नाहीत, टिपणे हरवलेली. तरी भारतीय कंपन्यांतल्या हजारो नवख्यांनी ते काम वेळेत पार पाडले. मग जाणता माणूस शेजारी हवाच, हे कशावरून? उत्तर त्या कामाच्या स्वरूपातच आहे. वायटूकेत प्रोग्रॅम असा का लिहिला हे कळण्याची गरज फार थोड्या जागी होती. तारीख कुठे साठवली, कुठे तुलना केली, कुठे वजाबाकी केली, एवढे शोधून काढायचे होते, आणि शोधण्याचे पुष्कळ काम साधनांवर सोपवता येत होते. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरसारख्या ठिकाणी प्रोग्रॅमचे विश्लेषण करणाऱ्या साधनांवर संशोधन होत होते, त्या विद्येचा हाच उपयोग. पण विमा कधी संपतो किंवा कर्जाचे व्याज कोणत्या दिवसापासून धरायचे, असा प्रश्न आला की तिथे गिऱ्हाइकाच्या माणसालाच विचारावे लागे. शिवाय एक परिणाम सहसा सांगितला जात नाही: तारखा दुरुस्त करता करता इथल्या एका अख्ख्या पिढीला परक्या कोडची भीती वाटेनाशी झाली. या कामाला अनेकांनी हलके मानले. मला ते पटत नाही. नवे लिहिण्याची हौस सर्वांनाच असते. दुसऱ्याचे लिहिलेले निमूटपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय कष्टाने लागते.

दुसरा आक्षेप प्रशिक्षण केंद्रांचा. इन्फोसिसचे म्हैसूरमधले केंद्र एका वेळी दहा हजारांहून अधिक नवोदितांना सामावून घेते; तिथे कित्येक आठवडे वर्ग चालतात, परीक्षा होतात. इतर मोठ्या कंपन्यांचीही अशी केंद्रे आहेत. नवख्याला तयार करण्याचे श्रेय त्यांचे नाही काय? आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. स्थापत्य किंवा यंत्र शाखेतून पदवी घेतलेल्या, लहान गावातून आलेल्या मुलामुलींना या वर्गांनी प्रोग्रॅमर केले. सामाजिकदृष्ट्या ही फार मोठी गोष्ट आहे. पण वर्गात जे लिहितात ते कोऱ्या पानावर लिहितात, आणि प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते. प्रोजेक्टवर गेल्यावर पहिले काम येते ते पंधरा वर्षे जुन्या प्रोग्रॅममधला एखादा बग, ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. म्हैसूरहून पुण्यात आलेला हुशार फ्रेशर पहिले दोन-तीन महिने गोंधळलेला दिसतो, त्याचे कारण त्याचे शिक्षण अपुरे आहे असे नव्हे. त्याचे दुसरे शिक्षण तेव्हाच सुरू झालेले असते. दुर्दैव हे की पहिल्या शिक्षणाला इमारत, प्राध्यापक आणि अंदाजपत्रक मिळाले आणि दुसऱ्याला प्रोजेक्टच्या वेळापत्रकातले उरलेसुरले दिवस.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. केटी देणारा माणूस पुष्कळदा स्वतःची नोकरी गमावत असतो. 2015 मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या संगणक विभागातून सुमारे 250 जणांना कमी केल्याच्या बातम्या अमेरिकेत गाजल्या. त्यांतल्या काहींना आपली जागा घेणाऱ्या, भारतीय कंपन्यांनी आणलेल्या माणसांना जाण्याआधी शिकवावे लागले होते. ज्या रीतीची मी स्तुती करतो आहे तिचा उपयोग असा झाला आहे, हे नाकारता येत नाही. शिकवणाऱ्याची अवहेलना झाली आणि शिकणाराही अवघडून गेला, कारण समोरच्याच्या डोळ्यांत त्याला आपल्या नोकरीची किंमत दिसत होती. पण या प्रसंगातूनही एक गोष्ट सिद्ध होतेच. कागदपत्रे पुरली असती तर त्या माणसांना थांबवून घेण्याची गरज नव्हती. त्यांच्या डोक्यात जे होते ते मोलाचे होते म्हणूनच ते मागितले गेले. दोष शिकवण्याच्या रीतीत नाही. त्या ज्ञानाला मोल आहे हे मान्य करूनही ते मोल देणाऱ्याच्या पदरात न टाकण्यात आहे. आणि जे मनाविरुद्ध दिले जाते ते अर्धेच दिले जाते, हा या व्यवसायातला सार्वत्रिक अनुभव आहे. बैठका होतात, सह्या होतात, आणि तिसऱ्या महिन्यात असा बिघाड येतो ज्याबद्दल कोणी बोललेच नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की लिनक्सच्या कर्नलमध्ये 1991 पासून जगभरचे अनोळखी लोक येत गेले, कोणी कोणाच्या शेजारी बसले नाही. खरे आहे, पण तिथे नवख्याने पाठवलेला प्रत्येक बदल जाणता माणूस वाचतो, नाकारतो, का नाकारला ते लिहितो, आणि ते पत्र सर्वांना वाचता येते. शेजार तिथेही आहे, तो लिखित आहे. 2020 च्या टाळेबंदीत जे तरुण घरातल्या टेबलावरून पहिल्या नोकरीला लागले, त्यांना हा लिखित शेजार फार थोड्या कंपन्यांत मिळाला. बहुतेकांना मिळाली ती जुन्या केटीच्या बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणे. ती पाहता येतात, त्यांना प्रश्न विचारता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासमोर रिव्हर्स केटी देता येत नाही.

आता प्रोग्रॅम वाचून समजावणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि केटीचे दिवस कमी करण्याचा हिशेब मांडला जाऊ लागला आहे. ही साधने उपयोगी आहेत. एखादे फंक्शन काय करते हे ती क्षणात सांगतात, आणि दहा वेळा तेच विचारायला संकोचणाऱ्या नवख्याला त्यांचा मोठाच आधार आहे. पण 2009 मध्ये एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी घातलेली अट, पुढे हट्ट संपला तरी का काढली नाही, हे कोडमध्ये लिहिलेले नसते; लिहिलेले नाही ते साधन वाचू शकत नाही, फार तर अंदाज करू शकते. म्हणून कपात करायचीच असेल तर ती पहिल्या बैठकांत करावी, जिथे फाइलींची नावे आणि जॉबच्या वेळा सांगितल्या जातात, आणि वाचलेले सगळे तास रिव्हर्स केटीला द्यावेत. शक्य असेल तिथे निघून जाणाऱ्या माणसाला पगार देऊन आणखी एक महिनाअखेर थांबवून घ्यावे, कारण महिनाअखेरीच्या जॉबमध्ये काय काय बिघडू शकते हे तो जॉब एकदा दोघांनी मिळून चालवल्याखेरीज कळत नाही.